लिहून मोकळं होताना अडकतेय, मदत हवी आहे
मंडळी, सध्या मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या पद्धतीने लिहितेय. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेवर लिहिलं होतं. लिहिल्यावर लगेच जास्तच उदास वाटतं, हे त्यातही दिसलं होतं, म्हणून त्याची भीती नाही.

अडचण वेगळीच आहे. जुन्या दुखण्यांवर पानंच्या पानं भरतात, पण ‘मला नक्की काय हवंय?’ असं विचारलं की हात थांबतो. जे उमटतं ते घरच्यांना माझ्याकडून हवं असलेलं! (वही कुणी वाचणार नाही, तरी सभ्यपणा काही सुटत नाही.)

स्वतःच्या इच्छांबद्दल लिहायला तुम्ही सुरुवात कशी केलीत? स्वतःलाच पत्र लिहिणं मला जरा नाटकी वाटतं, ते सोडून सांगा. आणि लिहिलेलं पुन्हा वाचता, की फाडून टाकता?