मदत हवी आहे: युरोपला पाठवायच्या द्राक्षांत क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा अंश सापडला

नमस्कार मंडळी. आमची तासगाव तालुक्यात दीड एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे. युरोपला माल द्यायचा म्हणून ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांची ऑनलाइन नोंद ठेवणारी यंत्रणा) प्लॉटची नोंदणी केली, फवारणीची वही रोजच्या रोज लिहिली. मणी १८ एमएमच्या पुढे, गोडीही भरली. आणि आता रेसिड्यूचा, म्हणजे फळातल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट आलाय: क्लोरपायरीफॉस ०.०३, मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो. निर्यातदार म्हणतात, माल उचलता येणार नाही.

हे औषध ऑक्टोबर छाटणीपासून आम्ही हातातसुद्धा धरलेलं नाही. युरोपने २०२० मध्येच त्याची परवानगी संपवली, हे आम्हाला पाठ आहे. पण बांधाला लागून शेजारच्या काकांची बेदाण्याची बाग आहे. मिलीबग किडीसाठी त्यांनी ब्लोअरने फवारणी केली तेव्हा वारा आमच्याकडे होता. पश्चिमेच्या चार ओळींच्या पानांवर पांढरे डाग अजून दिसतात. काका मनाने चांगले आहेत, त्यांच्याशी भांडायचं नाही.

२०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपने आपले कंटेनर अडवले, तेव्हा वडिलांनी माल मिळेल त्या भावाने दिला होता. तसं पुन्हा नको.

त्या चार ओळी सोडून उरलेल्या प्लॉटचं नमुना परीक्षण परत करून मिळतं का? अर्ज कृषी खात्याकडे करायचा की थेट लॅबकडे? किती दिवस थांबून नमुना द्यावा? कोणी आखाती देशांत किंवा बांगलादेशला माल दिला असेल तर तिथले नियमही सांगा. घड फार दिवस वेलीवर थांबणार नाहीत, कृपया लवकर कळवा.