ईडी, डिसेंबर आणि कोथरूडचा फ्लॅट

एडिसनकर:
काल इथे कोणीतरी अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या ईडीबद्दल (अर्ली डिसिजन, एकाच कॉलेजात लवकर करायचा अर्ज) ठोकून दिलं की "ईडी म्हणजे फुकटचा बूस्ट, १ नोव्हेंबरला टाकून मोकळे व्हा, पैशाचं नंतर बघता येतं". डोकंच फिरलं. अहो ईडी बाइंडिंग असते, हो आलं की तिथेच जायचं, पोरगं, आईबाप, काउन्सेलर तिघांच्या सह्या, डिसेंबरात हो आलं की बाकीचे अर्ज मागे, म्हणजे चार ठिकाणची आर्थिक मदतीची पॅकेजं शेजारी ठेवून बघायची सोयच गेली. २००६ मध्ये हार्वर्ड-प्रिन्स्टननी अर्ली बंद करायचं जाहीर केलं ते अशाच कारणाने, आणि २०११ मध्ये यू-टर्न मारला. इथली ईडीपण खिसाच तपासते.

गाजरहलवा:
"कोणीतरी" म्हणजे मीच. अर्धीच गोष्ट सांगताय. एड, म्हणजे मदत, पुरत नसेल तर ईडीतून सुटता येतं. मदत वजा जाता किती भरावं लागेल ते सांगणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर २०११ पासून कॉलेजांच्या साइटवर आहे, अर्धा तास बसा की. आमच्या लेकीचं पॅकेज त्या आकड्याच्या आसपासच आलं.

दोन_पोरांची_आई:
नशीबवान आहात. आम्हाला कॅल्क्युलेटर म्हणाला २८ हजार डॉलर भरा, पत्र आलं ४१ भरा म्हणून. फोन केला तर म्हणे भारतातली प्रॉपर्टी. सासऱ्यांनी कोथरूडचा फ्लॅट घेताना ह्यांचं नाव लावलेलं, तिथे सासूबाई राहतात, भाड्याचा एक रुपया येत नाही. सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे मदतीसाठी कॉलेजला द्यायच्या मिळकतीच्या फॉर्ममध्ये, मी प्रामाणिकपणे लिहिला.

टेक्सासचा_तात्या:
लिहिलात कशाला? पुण्यात येऊन कोण बघणारे?

एडिसनकर:
वा तात्या! पोराला कॉलेजात घालायचं आणि पहिला धडा खोटं बोलायचा.

टेक्सासचा_तात्या:
प्रवचन नको. ४०१के च्या निवृत्ती खात्यात पैसे कोंबले तर फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा फॉर्म, बघतही नाही आणि म्हातारीच्या डोक्यावरचं छप्पर मोजायचं, हा कुठला न्याय?

गाजरहलवा:
मग नाव काढून टाकायचं होतं ना वेळेवर.

दोन_पोरांची_आई:
धाकट्या दिरांना हेच हवंय! तुम्ही त्यांच्याच पार्टीचे का? आणि "सुटता येतं" म्हणे. सुटलो की. पत्रापत्रीत २० डिसेंबर उजाडला, बाकीच्यांची मुदत १ जानेवारी. घरात पाहुणे, आणि पोरगं वरच्या खोलीत अकरा निबंध लिहितंय, जेवायला खाली येईना. आता स्टेट युनिव्हर्सिटीत आहे, मजेत आहे, पण ते दहा दिवस मी विसरणार नाही.

गाजरहलवा:
बरं बाई, ते दहा दिवस आम्हाला काढावे लागले नाहीत, मान्य. तरी फ्लॅट आधीच कॅल्क्युलेटरमध्ये टाकायला हवा होता.

दोन_पोरांची_आई:
राहत्या घराचं विचारलं, तेवढं भरलं. "सासूबाई राहतात" असा रकाना तुम्हाला सापडला तर कळवा.

टेक्सासचा_तात्या:
ताई, कोथरूडमध्ये नक्की कुठे? रिडेव्हलपमेंटला गेलाय का?