पाणी कोण भरायचं तुमच्याकडे? अनुभव लिहा

धागाकर्ती: आज २८ जुलै. २०१० साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पिण्याचं स्वच्छ पाणी आणि स्वच्छतागृह हा मानवी हक्क मानला, हे वाचलं आणि आई आठवली. चुंबळ ठेवून ठेवून तिच्या टाळूवरचे केस गेले होते. पदर घसरला की पटकन सावरायची. घरात तिचं ते काम कुणी कामात धरलंच नाही. तुम्हीही लिहा.

रानवाट: मीच भरायचे! आधी हंडे, मग शाळा. पहिला तास बुडायचा, बाई उभं करायच्या. पाणी घरापासून १००० मीटरच्या आत हवं, आणायला ३० मिनिटांहून जास्त लागू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या वाटेला हे कुणी सांगितलं नव्हतं.

उंबरठा: रानवाटताई, मागे मान दुखतेय म्हणालात ना? ती या हंड्यांमुळेच नाही ना? डॉक्टरांना हेही सांगा.

झुळूक: आमच्या बोअरचं पाणी दिसायला एकदम नितळ. पण सगळ्या भावंडांच्या दातांवर तपकिरी डाग, फोटोत सगळे तोंड मिटून. फ्लोराइड! लिटरला १.५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं.

पानगळ: उकळून प्यायचं ना मग?

झुळूक: दादा, उकळून जंतू मरतात. फ्लोराइड तसंच राहतं, पाणी आटलं की प्रमाण उलट वाढतं. आईनं वर्षानुवर्षं उकळूनच दिलं हो.

पानगळ: अरे बापरे. माहीत नव्हतं.

सांजवेळ: पाण्याचं नाही, हवेचं लिहिते, चालेल ना? दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते, लेकीचा श्वासाचा पंप उशाशीच असतो. तक्रार केली. तपासणीच्या दिवशी नेमकं धुराडं बंद! निरोगी पर्यावरणाचा हक्कही आमसभेनं २८ जुलैलाच मान्य केला, २०२२ मध्ये. १६१ मतं बाजूनं, विरोधात एकही नाही. मग आमचं धुराडं कुणाच्या मतानं चालू आहे?

धागाकर्ती: चालेल काय, लिहाच. लेक कशी आहे आता?

सांजवेळ: आज बरी आहे. खिडक्या बंद ठेवल्यात.

उंबरठा: सांजवेळ, तारीख-वेळ घालून रोज फोटो काढून ठेवा. तक्रारीला जोडता येतील.

पानगळ: पण हक्क म्हणजे पाणी फुकट का?

रानवाट: फुकट नाही, परवडणारं. पैसे नाहीत म्हणून कुणी तहानलेलं राहू नये, एवढंच. झुळूक, शेजारच्या बोअरचं पाणीही तपासून घे गं. एकीला फ्लोराइड असतं, जवळच्याच दुसरीला नसतं, असंही होतं.