मदत हवी आहे: ‘पांढरं जातं’ म्हणणाऱ्या बाईच्या नवऱ्याला बोलवायचं का?

नमस्कार मंडळी,

एका ग्रामीण रुग्णालयात सुरक्षा क्लिनिकची (म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी क्लिनिकची) समुपदेशक आहे, नोकरी सांभाळून एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करतेय. प्रबंधाचा आराखडा पंधरा दिवसांत द्यायचाय आणि गाडी एका जागी अडकलीय.

आमच्याकडच्या बायका आधी कंबर दुखते म्हणतात, मग अशक्तपणा, आणि उठता उठता दाराकडे बघत, "अंगावरून पांढरं जातं." स्रावाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दरवेळी कुणी असतंच असं नाही. मग लक्षणांवरून औषधांचं हिरवं किट: जंतूंसाठी सेक्निडॅझोल आणि बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल. गर्भाशयमुखाला सूज दिसली तर राखाडी किट. राखाडीचं ठीक आहे, तिथे परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया या संबंधांतून पसरणाऱ्या आजारांची शक्यता असते, नवऱ्यालाही औषध हवंच. घोळ हिरव्याचा आहे.

पांढरं जाण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडणं. त्यात नवऱ्याला औषध लागत नाही, असंच आम्ही शिकलो. आणि मार्च २०२५ मध्ये याच आजारावर मेलबर्नचा अभ्यास आला. १६४ जोडपी. एका गटात पुरुषांनाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लावायला क्लिंडामायसिनचं मलम. बारा आठवड्यांत दुखणं उलटलं ते या गटात ३५ टक्के बायकांचं, फक्त बायकोला औषध दिलं त्या गटात ६३ टक्के. अभ्यास मध्येच थांबवला, इतका फरक!

वाचून मला वाटलं, हाच विषय घ्यावा. पण मलम कुठे लावायचं हे आमच्याकडच्या नवऱ्यांना सांगणार कोण, मी? मागे एकीच्या हातात नवऱ्यासाठी चिठ्ठी दिली होती. ती बाई परत आलीच नाही. चिठ्ठी सासूने वाचली, एवढं आशाताईंकडून कळलं.

डॉक्टर दांपत्य राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत तपासलं तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली आलं ते. बाई आता निदान दारापर्यंत येते. नवऱ्याला कसं आणायचं, कुणी केलंय का हे काम?

प्रतिसाद १, जुना_आरोग्यसेवक
ताई, मेलबर्नचा आकडा हिरव्या किटला चिकटवू नका. तिथे निदान पक्कं करून मग जोडपी घेतली होती. तुमच्याकडे पांढरं जाणाऱ्यांत कुणाला बुरशी, कुणाला नुसता नेहमीचा स्राव. सरसकट नवरे बोलावलेत तर काहीही कारण नसताना घराघरात संशय पेरून याल. आधी स्राव पीएच (आम्लता मोजायच्या) पट्टीवर बघा. ४.५ च्या वर गेला तरच पुढचा विचार.

प्रतिसाद २, माहेरवाशीण
चिठ्ठी बंदच करा. बाईलाच विचारा, नवऱ्याला कोण सांगेल, ती की तुम्ही, की कुणीच नको. माझ्या मते प्रबंधाचा खरा प्रश्न हाच आहे.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. पट्ट्यांचं उद्या लॅबमध्ये विचारते. "कुणीच नको" हा पर्याय मी प्रश्नावलीत ठेवलाच नव्हता.