लग्नाचा दिवस तुम्हा दोघांच्या वाट्याला किती आला? अनुभव लिहा

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, तुळशीचं लग्न झालं की लगेचच्या मुहूर्तावर. कार्यालय, आचारी, गुरुजी सगळं ठरलं. परवा तिने विचारलं, "ताई, तुला तुझ्या लग्नातलं नक्की काय आठवतं?" आणि मला आठवला तो फक्त लाजाहोमाचा धूर. पहाटे ५ ला उठले, मेकअप, मग गौरीहार, मुहूर्त १२:३५ चा. विधी होईपर्यंत नवरीने खायचं नाही म्हणून दूधसुद्धा घेतलं नव्हतं. भाऊ ओंजळीत लाह्या ओतत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मामीने गुळाचा खडा तोंडात सारला म्हणून उभी राहिले. सप्तपदीची सातही पावलं मी टाकली, पण एकही आठवत नाही. त्याची चुटपुट अजून आहे. बहिणीच्या बाबतीत तसं व्हायला नको.

म्हणून विचारतेय. खर्च आणि मानपान बाजूला ठेवू. काय केलं म्हणून तो दिवस तुम्हाला मनापासून जगता आला, किंवा कशामुळे निसटला, ते सांगा. नवरा-नवरींनी लिहा, करवल्यांनी लिहा, मामांनी लिहा, आचारी-फोटोग्राफर असाल तर जरूर लिहा.

कोरांटी
ताई, आधी उपासाचं. आमच्या गुरुजींना मी आठवडाभर आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, दूध, फळं, राजगिऱ्याचा लाडू खुशाल खा, चक्कर येऊन पडण्यात काही पुण्य नाही. मावसबहिणीकडे डबा दिला होता आणि दर दीड तासाने काहीतरी भरवायचं हे तिचं एकच काम होतं. बाकी कशालाही तिला हात लावू दिला नाही.

दुसरं नऊवारीचं. मी शिवलेली घेतली होती आणि दुकानात उभ्यानेच घालून पाहिली. घरी पाटावर मांडी घालून बसले तर काष्टा इतका ताणला की धड श्वास घेता येईना. ८ दिवस हातात होते म्हणून उसवून पुन्हा शिवता आली. सगळे दागिने, चुडा, शेला असा पूर्ण साज करून २० मिनिटं पाटावर बसून बघा. बाथरूमला कसं जायचं तेही त्याच दिवशी बघून ठेवा. आणि मुंडावळ्यांची गाठ सैल बांधायला सांगा. माझं डोकं दुपारभर ठणकत होतं, कारण कळलं संध्याकाळी त्या सोडल्यावर.

घाटवाट
आमच्याकडे सातारा भागात नवरदेव पारण्याला मारुतीच्या देवळात जातो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो. माझ्या लग्नात ५ मिनिटांच्या त्या वाटेला सव्वा तास लागला. मांडवात पोचल्यावर माईकवरून सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फेटा, एकेक नाव. ऊन डोक्यावर, माणसं ताटकळलेली, आणि ती आत खोलीत हार हातात घेऊन बसलेली. मुहूर्त टळून गेला. मला मुहूर्ताचं तितकं वाटलं नाही, पण तिचे आजोबा उन्हात बसून होते ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

धाकट्या भावाच्या वेळी मी वडिलांपाशी बसून शांतपणे बोललो. सत्कार सगळे आदल्या दिवशी, हळदीच्या संध्याकाळी उरकले. ज्यांना मान द्यायचा त्यांना तो मिळाला, निवांतपणे मिळाला. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावाच लागतो, त्यामुळे हळदही वेळेत आटोपली आणि घर लवकर झोपलं. वरातीत पुढे चालायला दोन थोरले चुलते ठेवले होते. पोरं त्यांचं ऐकतात. आम्ही १५ मिनिटं आधी मांडवात होतो.

बोहल्यावरचा मामा
मी दोन भाच्यांना बोहल्यावर आणलंय. पहिलीच्या वेळी अंतरपाट धरला आणि समोर पाहिलं, तर माणसं दिसतच नव्हती, नुसते वर धरलेले मोबाईल. मागे उभी असलेली तिची आजी टाचा उंच करून बघायचा प्रयत्न करत होती. शेवटी तिने बाजूच्या मुलाच्या पडद्यावर नातीचं लग्न बघितलं.

दुसरीच्या वेळी गुरुजींनाच विनंती केली. मंगलाष्टकं सुरू करण्याआधी ते हात जोडून म्हणाले, "पहिलं मंगलाष्टक ते शेवटचं, एवढा वेळ फोन खिशात ठेवा. अक्षता हातात घ्या आणि आशीर्वाद द्या." लोकांनी ऐकलं. मांडव एकदम शांत झाला. मी अंतरपाटाचं एक टोक धरलं होतं. भाची माझ्या शेजारीच, खाली मान घालून. हाराचा दोरा तिने बोटाला इतका गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. "शुभमंगल सावधान" झालं, मी कापड बाजूला ओढलं आणि तिने मान वर केली. तो अर्धा क्षण मी इतक्या जवळून पाहिला! फोटोग्राफरकडेही तो नाही.

आणखी एक. गुरुजींना आधी घरी बोलावा, दोघांनी समोर बसा, कुठला विधी कशासाठी ते विचारून घ्या. आमच्या गुरुजींनी सप्तपदीच्या प्रत्येक पावलाला थांबून मराठीत अर्थ सांगितला. १० मिनिटं जास्त लागली असतील. भाचीला आणि जावयाला सातही वचनं आजही सांगता येतात. अक्षतांबद्दल सांगतो, तांदूळ लांबून फेकू नयेत. डोळ्यांत जातात, आणि बोहल्यावर सांडले की पाय घसरतो. आम्ही मागच्या रांगांना फुलांच्या पाकळ्या वाटल्या.

कॅमेरावाला
१४ वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. नवरा-नवरीचा सगळ्यात जास्त वेळ आम्ही खातो, हे मान्यच करतो. ग्रुप फोटोंची यादी आधी द्या, २०-२५ च्या वर नको. आणि दोन्हीकडचे चेहरे ओळखणारा एकेक माणूस माझ्याशेजारी उभा करा. "आत्या कुठे गेल्या?" यातच तास जातो. गोरज मुहूर्त असेल तर दोघांचे फोटो त्याआधीच उरका, नंतर उजेड राहत नाही.

पणजीकरीण
गोव्यात सरकारदरबारी लग्न आधी लागतं. नोंदणी कार्यालयात पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी. त्यामुळे मांडवातल्या दिवशी कागदपत्रांची काही धावपळच नव्हती. दुसऱ्या सहीच्या दिवशी आम्ही दोघं आणि साक्षीदार, एवढेच होतो. मला तर तेच खरं लग्न वाटलं!

घाटवाट
पणजीकरीणताई, आमच्याकडे हे उलट होतं. नोंदणीच्या अर्जावर गुरुजींची सही लागते, ३ साक्षीदार लागतात, लग्नपत्रिका जोडावी लागते. सगळे पांगल्यावर मी त्यासाठी महिनाभर फिरलो. भावाच्या वेळी अर्ज आधीच भरून नेला आणि जेवणं चालू असताना काकांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

पंचवीस डिसेंबर
आमचं लग्न सत्यशोधक पद्धतीने झालं. पहिला सत्यशोधक विवाह पुण्यात २५ डिसेंबर १८७३ ला लागला, समाजाच्या स्थापनेला तेव्हा जेमतेम ३ महिने झाले होते. आम्ही मुद्दाम तीच तारीख धरली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या प्रतिमांना हार घातले, मराठी मंगलाष्टकं म्हणून घेतली आणि सगळ्यांसमोर एकमेकांना वचनं दिली. सगळं पाऊण तासात.

खरा प्रश्न पुढचा होता, मोकळ्या राहिलेल्या वेळाचं काय करायचं? माझ्या सासूबाईंना आधी फार रुखरुख होती की हे सुनंसुनं वाटेल. आम्ही दोघं मग प्रत्येक टेबलापाशी गेलो. स्टेजवर रांग लावलीच नाही. गावाहून आलेल्या माझ्या वयस्कर चुलत्यांशेजारी हा १० मिनिटं बसला आणि त्यांनी त्याला आमच्या विहिरीची सगळी गोष्ट सांगितली. ते गेले मागच्या वर्षी. सासूबाई संध्याकाळी म्हणाल्या, "माझ्या लग्नात मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते गं."

सातासमुद्रापार
आम्ही अमेरिकेत, डॅलसजवळ लग्न केलं. तिकडे होम करायचा असेल तर हॉल ठरवतानाच लेखी विचारा की आत अग्नी चालेल का. आम्हाला छोट्या कुंडाची परवानगी मिळाली, तीही हॉलचा माणूस शेजारी उभा राहील या अटीवर. दुसरं, आईबाबा भारतातून आदल्याच दिवशी उतरले आणि मंगलाष्टकांत बाबा पेंगत होते. त्यांना आठवडाभर आधी आणायला हवं होतं. याचं वाईट वाटतं.

मुदपाकखाना
आमचा तीन पिढ्यांचा आचाऱ्याचा व्यवसाय. नवरा-नवरी पंगतीला येतात ४ वाजता. तोवर मसालेभात गार, अळूचं फदफदं दाटलेलं, जिलबी मऊ पडलेली. रांगोळी काढलेलं, महिरप घातलेलं ताट समोर असतं आणि भूक मेलेली असते. मला फार लागतं हो ते. म्हणून हल्ली मी यजमानांना सांगतो, दोघांसाठी शेवटचा घाणा वेगळा काढतो, फक्त १० मिनिटं आधी निरोप धाडा. आणि घास भरवताना एकेकाकडून पाच-पाच उखाणे वसूल करू नका. एक घ्या आणि पोरांना जेवू द्या.

हा धागा काढणारी
सगळं वहीत उतरवून घेतेय. डब्याचं काम मामीकडे गेलं. मामांची फोनची विनंती आमच्या गुरुजींना कळवली, ते लगेच हो म्हणाले. दागिने आणि आहेराची पाकिटं कुणाच्या ताब्यात द्यायची, हे कुणी लिहाल का?

कोरांटी
ज्यांना नाचायचं नाही आणि फोटोतही यायचं नाही अशा एखाद्या आत्याकडे द्या. कुलपाची बॅग, किल्ली तिच्याच गळ्यात. पाकिटं तिथल्या तिथे फोडायची नाहीत, नुसती नावं लिहून आत टाकायची.

पाठराखीण
मी बहिणीबरोबर सासरी पाठराखीण म्हणून गेले होते, पण सांगायचंय ते त्याच्या आधीचं. पाठवणीपूर्वी तासभर नुसता गोंधळ चालला होता. मी दोघांना कार्यालयाच्या मागच्या खोलीत नेलं, दोन ताटं ठेवली, दार ओढून घेतलं आणि बाहेर स्टूल टाकून बसले. सांगितलं, पाव तास कुणी आत जायचं नाही. सासरची माणसं आली, आमचे बाबा आले, व्हिडिओवाला दोनदा आला. मी उठले नाही. आतून आधी काहीच आवाज येत नव्हता. मग भांड्यांचा आला, मग ताई हसली. सकाळपासून पहिल्यांदा. दार उघडलं तेव्हा तिच्या मुंडावळ्या खिडकीच्या कडीला अडकवलेल्या होत्या आणि जावईबापू तिच्या चुड्यात अडकलेला धागा सोडवत बसले होते.