रिक्रूटरला मेसेज टाकताना
वर एकाने लिहिलंय की सोलापुरात बसून पुण्याच्या रिक्रूटरना कितीही मेसेज टाका, कोणी उत्तर देत नाही. माझ्या धाकट्या भावाचंही तेच व्हायचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो क्वालिटी बघायचा आणि सगळ्यांना एकच मेसेज जायचा, 'सर, काही जॉब असेल तर सांगा.' अहो, रिक्रूटरचे पैसे कंपनी देते, आपण नाही. त्याच्याकडे ठरावीक जागा असतात, त्यात बसणारा माणूस तो शोधतो. म्हणून आम्ही मेसेजच बदलला: कुठली पोस्ट, किती वर्षं अनुभव, सध्याचा पगार, नोटीस पिरियड (म्हणजे राजीनामा दिल्यावर किती दिवसांनी मोकळा होणार) आणि शेवटी 'मुलाखतीला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने येऊ शकतो'. हे शेवटचं वाक्य फार कामाला आलं, कारण लांबचा उमेदवार ऐनवेळी येईल का, हीच त्यांना धास्ती असते. नोकरीच्या साइटवरच्या प्रोफाइलमध्ये पसंतीचं शहर म्हणून पुणेही टाका.

एका मॅडमनी नकार कळवला, तरी भावाने आभार मानून त्याच जागेसाठी ओळखीच्या मुलाचं नाव सुचवलं. दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला. आणि हो, नोकरी लावतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा.