'हेनेराल लूना' दाखवण्याआधी प्रेक्षकांना काय सांगावं?

प्रश्न
चित्रपट मंडळात फिलिपिनो सेनानी आंतोनियो लूना यांच्यावरचा, जेरोल्ड तारोग यांचा 'हेनेराल लूना' (२०१५) दाखवायचा आहे. स्पेनची सत्ता गेली आणि अमेरिकेची आली, एवढंच बहुतेकांना ठाऊक आहे. दहा मिनिटांच्या प्रास्ताविकात काय घ्यावं? नंतरची चर्चा 'फिलिपिनो म्हणजे नेमकं कोण' यावर ठेवायची आहे. चित्रपटातलं किती खरं मानायचं, तेही सांगा.

उत्तर १
चार तारखा फळ्यावर लिहून ठेवाच. १२ जून १८९८ : क्रांतिकारकांचे नेते आगिनाल्दो यांनी कावितमध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. १३ ऑगस्ट १८९८ : मनिलाची लुटुपुटूची लढाई. स्पॅनिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी आधीच संगनमत करून शहराचा ताबा बदलला आणि फिलिपिनो सैन्याला तटाबाहेर ठेवलं. १० डिसेंबर १८९८ : पॅरिसचा तह, २ कोटी डॉलर घेऊन स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला दिलं. ४ फेब्रुवारी १८९९ : अमेरिकेशी युद्धाला तोंड फुटलं.

हे ठाऊक नसेल तर आगिनाल्दोंच्या मंत्रिमंडळाचा वाद डोक्यावरून जातो. बुएनकामिनो आणि पातेर्नो अमेरिकेशी जुळवून घ्या म्हणतात, लूना आणि माबिनी विरोध करतात. तिथेच नावांचाही गोंधळ उडतो, म्हणून या चौघांचे फोटो आधी दाखवा. खुर्चीत बसलेले, पाय अधू झालेले ते माबिनी.

उत्तर २
चर्चेचा गाभा कावितच्या तुकडीत आहे. फेब्रुवारी १८९९ मध्ये कालोओकानच्या प्रतिहल्ल्यात कॅप्टन पेद्रो हानोलिनोच्या या तुकडीने लूनांचा हुकूम मानला नाही. आम्ही फक्त आगिनाल्दोंचं ऐकतो, हे त्यांचं म्हणणं. आगिनाल्दो त्यांच्याच गावचे. लूनांनी त्यांची शस्त्रं काढून घेतली. ५ जून १८९९ रोजी काबानातुआनच्या कॉन्व्हेंटमध्ये लूनांवर तुटून पडली ती हीच माणसं. गाव आणि माणूस यांच्यावरची निष्ठा मोठी की न पाहिलेल्या देशावरची, हा प्रश्न चित्रपट इथे रोखठोक विचारतो. ग्वाग्वाच्या जनरल मास्कार्दोशी झालेलं भांडणही त्याच जातीचं, पण ते पटकन सरकतं. थांबवून दाखवलंत तर बरं.

हत्येनंतर लूना आणि कर्नल पाको रोमान यांचे देह फरफटत नेतात ती चौकट नीट पाहा. लूनांचे भाऊ हुआन लूना यांच्या 'स्पोलियारियम' या चित्राची ती मांडणी आहे : रोमन आखाड्यातून ओढत नेलेले मेलेले ग्लॅडिएटर. १८८४ मध्ये माद्रिदला त्याला सुवर्णपदक मिळालं. मूळ चित्र आज मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याची मोठी प्रत आधी भिंतीवर लावा. ओळख पटली की ते दृश्य अंगावर येतं, आणि घाव घालणारे हात परक्यांचे नाहीत हेही लख्ख दिसतं.

उत्तर ३
सत्य-कल्पितासाठी सुरुवातीचं निवेदन कापू नका. इतिहासात कल्पना मिसळली आहे, हे चित्रपट तिथेच सांगतो. तरुण पत्रकार होवेन कल्पित आहे. लूनांची प्रेयसी इसाबेलही ऐतिहासिक व्यक्ती नाही. हत्येमागे आगिनाल्दो होते का, याचा निर्णायक पुरावा नाही. त्यांनी ते नाकारलं होतं. चित्रपटाचा कल उघड आहे, तो निकाल म्हणून मांडू नका.

भाषेचा एक पेच मात्र सांगायलाच हवा. पडद्यावर मंत्री प्रामुख्याने तागालोग या स्थानिक भाषेत भांडतात, पण त्यांच्या प्रजासत्ताकाची मालोलोसला झालेली राज्यघटना स्पॅनिशमध्ये लिहिली गेली होती. शिकलेला वर्ग राष्ट्राची भाषा म्हणून जे वापरत होता, ते शेतकरी सैनिकाला कळत नव्हतं. चर्चेला हा मुद्दा भक्कम आहे. सबटायटलमध्ये तागालोग, स्पॅनिश, इंग्रजी सगळं एकाच साच्यात येतं. शक्य असेल तर स्पॅनिश ओळी तिरप्या अक्षरात करून घ्या. स्वतः मराठी सबटायटल लावणार असाल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा निरर्थक अक्षरं दिसतील. आधी प्रोजेक्टरवर पाच मिनिटं चालवून बघा, काही प्लेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात.

प्रश्नकर्ता
आभार. पुढच्या वेळी तारोग यांचाच, तरुण जनरल ग्रेगोरियो देल पिलारवरचा 'गोयो' घ्यावा का?

उत्तर २
घ्या, पण लूनानंतरच. देल पिलार २ डिसेंबर १८९९ रोजी तिराद खिंडीत आगिनाल्दोंच्या माघारीचं रक्षण करताना मारला गेला. लूनांच्या हत्येनंतर सैन्य कसं विस्कटलं हे माहीत असल्याशिवाय ती माघार कळत नाही. आणि तो बराच लांब आहे, अडीच तासांच्या वर. मध्यंतर ठेवा.